हिवाळी बंगल्यांची डागडुजी मे महिन्यात हवी

संपादक महोदय,

नागपूरचे सिव्हिल लाइन्स ही मुळातच हिवाळ्यात गजबजणारी वस्ती. मध्य प्रांताच्या काळात ऊन तापू लागले की साहेबलोक पचमढी गाठत. पुढे २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातून विधिमंडळाचे एक तरी अधिवेशन इथे घ्यायचे ठरले, म्हणून आजही रविभवन, नागभवन, आमदार निवास आणि ‘१६० गाळे’ नावाची वसाहत डिसेंबरात भरतात. एरवी उतरणारा पाहुणा दोन दिवसांचा. गळती आणि वाळवी त्याच्या लक्षात येत नाही.

मग नोव्हेंबरात रंगाचे डबे उघडतात. तोवर पावसाची ओल भिंतीत मुरलेली असते. जुन्या बंगल्यांच्या विटांवर चुन्याचा गिलावा असतो, तो ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंट थापले किंवा तीन फुटांपर्यंत ऑइलपेंट मारला की ओल वर चढते आणि बरोबर त्या रंगाच्या रेघेवर लोणा (भिंतीतला क्षार) फुटून पोपडे सुटतात. तिथे पुन्हा चुनाच हवा, आणि गिलावा किमान चार आठवडे सुकल्याशिवाय त्याला रंग लावू नये.

आपली जमीन काळी. उन्हाळ्यात ती फाटते, पावसाळ्यात फुगते. जोते हलते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. पुट्टीने ती फक्त झाकली जाते, मे महिन्यात त्याच जागी पुन्हा उघडते. जोत्याभोवती बाहेर उतार दिलेली तीन फुटांची फरसबंदी करावी आणि पन्हळीचे पाणी तिच्या पलीकडे सोडावे. एवढ्याने निम्मे दुखणे थांबते.

म्हणून क्रम असा असावा: मे महिन्यात कवेलू (छपराची कौले) फेरणे आणि पन्हळी साफ करणे, झडीच्या दिवसांत गळतीच्या जागा खडूने खुणावणे, ऑक्टोबरात गिलावा, रंग सगळ्यात शेवटी.

बंद न्हाणीघरातली दुर्गंधी हा वेगळाच प्रकार. जाळीखालच्या, वास अडवणाऱ्या ट्रॅपमधले दोन इंच पाणी उन्हाळ्यात आटते आणि गटाराचा वास, झुरळे थेट खोलीत येतात. दर पंधरा दिवसांनी तांब्याभर पाणी ओतावे, वर चमचाभर गोडेतेल. त्याने पाणी लवकर उडत नाही. गीझरची टाकी भरून नळाला सलग धार येईपर्यंत बटण दाबू नये, कोरडी कॉइल जळते.

चौकीदाराच्या हाती किल्ल्यांसोबत ही यादीही द्यावी. आठवड्यातून एकदा खिडक्या उघडायचे कामही त्यात लिहावे.

– एक वाचक, नागपूर