तुझ्यापेक्षा पाव वॅट जास्त

प्रिय दोस्ता,

दीड वर्षात तुला ना पत्र, ना फोन. सांगण्यासारखं कारण नाही, म्हणून सांगत नाही. गुडघा आहे तसाच आहे, साखर गोळ्यांवर आटोक्यात आहे, डाव्या कानात बारीक शिट्टी वाजत असते. ती ७०० हर्ट्झच्या आसपास असती तर मोर्स की दाबल्यावर कानात वाजतो तो साइडटोन म्हणून तरी उपयोगी पडली असती, पण ती फार वरची आहे. झालं प्रकृतीचं.

यंदा आपल्या कमी पॉवरवर बोलणाऱ्या हौशी रेडिओवाल्यांच्या मेळाव्याला गेलो होतो आणि तिथे मी जिंकलो. मास्तरांची जुनी पितळी मोर्स की बसवलेली ती लाकडी पाटी आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे, आणि तिच्यावर मी वर्तमानपत्र टाकून ठेवलंय. का, ते सांगायला हे पत्र. दुसऱ्या कुणाला सांगावं तर तो म्हणेल, ‘अरे, एवढंसं!’ तू तसं म्हणणार नाहीस. तुला तो हक्कच नाही, आणि तो मीच तुझ्याकडून काढून घेतलाय.

क्रमाने सांगतो. मेळावा होता तसाच आहे. आत टेबलांवर सोल्डरचा धूर, बाहेर झाडांवर फेकलेल्या दोऱ्या, आणि ‘माझी तार तुझ्या तारेखाली का?’ यावरून दोन म्हाताऱ्यांचं भांडण. मास्तरांनी तेच भाषण केलं. इंग्लंडातले पाद्री जॉर्ज डॉब्स, १९७४ साली त्यांनी काढलेला जी-क्यूआरपी क्लब, ते ‘स्प्रॅट’ नावाचं चिमुकलं नियतकालिक. पुढची वाक्यं तुलाही पाठ आहेत, मी ओठ हलवत होतो. लंबूने घरी दणदणीत लिनिअर अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे पॉवर वाढवायचं यंत्र, घेतलाय आणि तरीही तो क्यूआरपीच्या मेळाव्याला ‘माणसं भेटतात म्हणून’ येतो. ‘क्यूआरपी’ या खुणेचा मूळ अर्थच ‘पॉवर कमी कर’. ते त्याला त्याच्या घरच्यांनी एकदा सांगायला हवं. तुझी चौकशी सगळ्यांनी केली. मी नेहमीचं उत्तर दिलं.

या वेळी नवीन कोण असेल तर एक मुलगी. सतरा-अठरा वर्षांची, मामाबरोबर आलेली. तिच्या ट्रान्समीटरमध्ये दोन ट्रान्झिस्टर, एक क्रिस्टल आणि बाकी पत्र्याची डबी. टोरॉइडवर, म्हणजे त्या चुंबकी कडीवर, तार गुंडाळत होती आणि मास्तर शेजारी बसून मोजत होते. तार भोकातून एकदा गेली की एक वेढा, बाहेरून मोजायचं नाही. तुला आठवतं, आपण पहिल्या फिल्टरला बाहेरून मोजून एकेक वेढा जास्त टाकला होता आणि आठवडाभर क्रिस्टलला शिव्या घातल्या होत्या? ती मात्र एकदाही चुकली नाही. इनॅमल ब्लेडने खरवडून, टोक उजेडात धरून, तांबं सगळीकडून चमकतंय का बघून मगच सोल्डर लावायची. मी तिच्याकडे बघत राहिलो आणि माझ्या रिगकडे, म्हणजे रेडिओकडे, बघायचं राहून गेलं. खरं तर सगळं रामायण इथेच आहे.

स्पर्धा तीच : सकाळपासून दुपारपर्यंतचा एक सगळ्यात लांबचा संपर्क, किलोमीटर भागिले वॅट. पॉवर प्रत्येकाने आपली आपण सांगायची. सीडब्ल्यूला, म्हणजे मोर्सला, कमाल ५ वॅट, जगात सगळीकडे चालते तीच मर्यादा. कोणी तपासत नाही. एकदाच तपासलं गेलं होतं आणि ते कोणी तपासलं हे आपल्या दोघांना माहीत आहे.

मी १४०६० किलोहर्ट्झवर होतो. दहा मीटरची तार, एक टोक झाडावर, दुसरं माझ्या डोक्याशी. वस्तीपासून लांब असल्यामुळे बँड इतका शांत की आधी हेडफोनची पिन निघालीय असं वाटलं. तासभर काही नाही. मग एक बारीक स्टेशन, क्यूएसबीत, म्हणजे सिग्नलच्या चढउतारात, वर येतंय आणि बुडतंय. वर आलं की मी कॉल करायचो, बुडालं की थांबायचो. चौथ्या वेळी त्याने माझा अर्धा कॉलसाइन (स्टेशनचं नाव) परत पाठवला, पुढे प्रश्नचिन्ह. दोस्ता, त्या प्रश्नचिन्हासाठी माणूस इतकी वर्षं या फंदात राहतो. पूर्ण कॉलसाइन गेला, ३३९ रिपोर्ट आला, म्हणजे क्षीण, कष्टाने वाचता येणारा. त्याने पॉवर विचारली आणि मी पाच टिंबं ठोकली. ५ वॅट. नकाशावर मोजलं तर ६,४२० किलोमीटर. म्हणजे वॅटला १,२८४. त्या मुलीचे २ वॅटमध्ये २,२६० किलोमीटर, म्हणजे वॅटला १,१३०. मला पाटी, तिला टाळ्या. टाळ्या मीही वाजवल्या, आणि जरा मोठेपणा मिरवतच वाजवल्या.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी, काही कारण नसताना, रिग डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर, लावली. ऑसिलोस्कोप जोडला, की दाबली. पीक टू पीक ५० व्होल्ट. वर्ग कर, ४०० ने भाग, की वॅट. ६.२५.

आधी वाटलं प्रोब बिघडला. दुसरा लावला. मग डमी लोडचा रेझिस्टन्स मोजला, ५० ओहम चोख. शेवटी बॅटरीला मीटर लावला आणि मटकन बसलो. मी रिग टेबलावरच्या सप्लायवर लावून घेतली होती, १२.० व्होल्टवर, तिथे ५ वॅट बरोब्बर. मेळाव्याला नेली बॅटरी, आदल्या रात्री काठोकाठ चार्ज केलेली. की दाबलेली असतानाही १३.४. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने वाढते हे मी दरवर्षी नवीन पोरांना फळ्यावर लिहून दाखवतो!

आता हास. मी थांबतो.

होय, तेच. तू त्या दिवशी हेच म्हणत होतास. ‘बॅटरी आत्ताच चार्जरवरून काढलीय रे, घरी ५च होते.’ आणि मी सगळ्यांसमोर स्कोपवर बोट ठेवून म्हणालो होतो, ‘४९ व्होल्ट म्हणजे ६ वॅट. बॅटरीला नियम माहीत नसतो, माणसाला असतो.’ हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. मास्तर म्हणाले होते, सोडून दे. मी सोडलं नाही. तुझी नोंद खोडली ती माझ्याच पेनाने, आणि पाटीवर त्या वर्षी लंबूचं नाव कोरलं गेलं. लंबूचं! तुझे ६ होते, माझे ६.२५. तुझ्यापेक्षा पाव वॅट जास्त.

माझी बाजू मी घोकून ठेवली आहे. ५ आणि ६.२५ मध्ये फरक एक डेसिबलचा. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचा एक एस म्हणजे सहा डेसिबल. पलीकडच्या माणसाला तो फरक जन्मात ऐकू आला नसता, संपर्क ५ वॅटवरही झालाच असता. सगळं खरं. फक्त हे सगळं तूही तेव्हा म्हणाला होतास आणि तेव्हा मला ते पळवाट वाटलं होतं. आणि भागाकार काही ऐकत नाही : ६,४२० भागिले ६.२५, वॅटला १,०२७. मुलगी सरळ पुढे. शिवाय ५च्या वर गेलो म्हणजे नोंदच बाद, भागाकाराची गरजच नाही. ती पाच टिंबं राहून राहून आठवतात. सहाला एक डॅश आणि चार टिंबं लागतात, तो एक डॅश मी खाल्ला.

मास्तरांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘सोडून दे.’ अगदी त्याच सुरात. मी म्हटलं, तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात. तर म्हणतात, ‘हो, आणि तेव्हा तू ऐकलं असतंस तर आज तो आला असता.’ फोन ठेवल्यावर मी बराच वेळ रिगचे स्क्रू उगाच घट्ट करत बसलो.

तू अगदी साधू होतास असं मात्र मी म्हणणार नाही. तू माझा आयांबिक पॅडल (टिंबं-डॅश आपोआप पाडणारी दोन पट्ट्यांची की) नेलास तो आजतागायत दिलेला नाहीस, आणि वर सांगतोस की स्ट्रेट कीवर माझा हात सुधारला तो त्यामुळेच. ते वेगळं खातं आहे, ते मिटलेलं नाही.

मी असं ठरवलंय. पाटी मुलीच्या मामाकडे पाठवतो, सोबत आकडेमोडीचा कागद, सही करून. मास्तर रागावतील, रागावू देत. पण पाटी माझ्याकडे आहे तोवर एक विचारायचंय. त्या वर्षाच्या ओळीत लंबूचं नाव आहे. खाडाखोड करणार नाही, पाटी घाण दिसेल. पण खाली बोटभर जागा आहे. तिथे तुझा कॉलसाइन आणि ‘६ वॅट’, त्याखाली माझा कॉलसाइन आणि ‘६.२५ वॅट’ असं कोरून घेऊ का? दोघंही बाद, पण एका रांगेत. तू नको म्हणालास तर नाही कोरणार. ‘हो’ म्हणालास तर अक्षर तुझंच पाठव, माझं कोंबडीचे पाय आहे.

तुझ्या मुलीचं लग्न ठरल्याचं ऐकलं, फार आनंद झाला. वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असेलच. नव्या घराच्या गच्चीवर तार टाकू देतात की नाही, ते कळव.

तुझाच,
पेनवाला

ता. क. : बॅटरी आणि रिगच्या मध्ये दोन डायोड घातले. प्रत्येकी ०.७ व्होल्ट खातात, १३.४ चे १२.० होतात. स्कोपवर आता ४४.७ व्होल्ट, म्हणजे ५ वॅट. हा उपाय तू त्याच दिवशी, तिथल्या तिथे सुचवला होतास. खिशात डायोडही होते तुझ्या.