मिस्त्रीकाका, रंगाचे डबे अजून बंदच आहेत

आदरणीय मिस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

समोर आभार मानायला गेलो की तुम्ही "तो पाना दे इकडे" म्हणून विषय तोडता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

आमच्या जुन्या लष्करी एम३५ए२ ट्रकमध्ये मला नुसता रुबाब दिसत होता. तिन्ही ॲक्सलना जोर, सुमारे ७.८ लिटरचं डिझेलबरोबर इतरही इंधनं पचवणारं इंजिन, २४ व्होल्टची वायरिंग! मागे पाण्याची टाकी बसवायची, वणव्याच्या दिवसांत कामाला लावायचा, एवढा बेत. हिरवा रंगही आणून ठेवला होता.

तुम्ही डब्यांकडे एकदा पाहिलंत आणि गाडीखाली शिरलात. बाहेर आलात ते विचारतच, "पाणी किती भरणार?" मी ऐटीत म्हणालो, २,५०० लिटर. "म्हणजे अडीच टन. उतारावर थांबवणार कशाने?"

हवेची टाकी आहे म्हणजे मोठ्या ट्रकसारखे एअर ब्रेक असणार, अशी माझी समजूत. हवा फक्त पायाचा जोर वाढवते, चाकांपर्यंत दाब जातो तो ब्रेक ऑइलनेच, आणि तोही सगळ्या चाकांना मिळून एकाच सर्किटमधून, हे तुमच्याकडून कळलं. एक पाईप फुटला की सगळेच ब्रेक गेले. हँडब्रेक ट्रान्सफर केसमागच्या (म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलना वाटणाऱ्या गिअरपेटीमागच्या) शाफ्टवर. तो उभी गाडी धरून ठेवायला, पळती रोखायला नव्हे.

डावं पुढचं चाक तापायचं. मी ड्रमला दोष देत होतो. तुम्ही चाकाकडे ब्रेक ऑइल नेणारा रबरी होज काढलात आणि ब्लेडने उभा चिरलात. बाहेरून नव्यासारखा, आत रबर फुगून सुई जाईल एवढंच भोक. पायाच्या जोरावर ऑइल पलीकडे जायचं, परत मात्र यायचं नाही. तो तुकडा अजून माझ्याकडे आहे.

आधीच्या मालकाने साधा तांब्याचा पाईप टाकून मधे कॉम्प्रेशन जॉइंट, म्हणजे नुसता नट आवळून पाईप पकडणारा सांधा, दिला होता. तुम्ही तो पाहिलात तेव्हाचे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. तांबं थरथरीने कडक होतं आणि चिरतं, तो जॉइंट ब्रेकच्या दाबासाठी नसतोच. मग तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा पाईप आला, जुने पाईप नंबर टाकून जपले, त्यांच्यावरून वळणं घेतली. डबल फ्लेअर मारायला, म्हणजे पाईपचं टोक फुलवून आत दुहेरी दुमडायला, मला बसवलंत. पहिला वाकडा, दुसरा चिरलेला, तिसरा अगदी सुबक, पण नट आधी ओवायलाच विसरलो! तुम्ही हसला नाहीत, हे उपकार वेगळे. एकूण अकरा तुकडे तुम्ही उजेडात धरून "नाही" म्हणालात.

ऑइलचं तर माझ्या गावीही नव्हतं. ब्रेक ऑइलच्या टाकीत जांभळट सिलिकॉन ऑइल होतं, आणि मी वरून डॉट ४ हे साधं ब्रेक ऑइल ओतायला निघालो होतो. दोन्ही मिसळत नाहीत, हे सांगून तुम्ही हात धरलात. सिलिकॉन पाणी शोषत नाही म्हणून मी खूश. पण शिरलेलं पाणी मग तळाशी, चाकांच्या सिलिंडरांत साचतं आणि तिथेच गंज धरतो. चारही सिलिंडर तसेच निघाले होते, असं म्हणणार होतो, पण या गाडीला सहा असतात, हे आता माझ्या तोंडपाठ आहे.

पाइपांतली हवा काढून झाल्यावर मी पेडल दाबून धरलं, तुम्ही टॉर्च घेऊन कुठे गळतंय का म्हणून एकेक नट पाहिलात. पाय भरून आला तरी "सोड" म्हणेनात.

पाण्याची टाकी शेवटी २,००० लिटरचीच केली, कारण पत्र्यालाही वजन असतं. आत आडव्या पट्ट्या घातल्या, म्हणजे ब्रेक मारताना पाणी एकदम पुढे धावत नाही. आणि चॅसीला एकही नवं भोक पाडू दिलं नाहीत, याबद्दल खास आभार. मूळ हौदा शेडमध्ये आहे. उद्या कुणाला ट्रक पूर्वीसारखा करायचा झाला तर करता येईल. डॅशबोर्डवरच्या पितळी पाट्याही जागच्या जागी आहेत.

रंग अजून दिलेला नाही. पुढच्या महिन्यात मागच्या ॲक्सलवरचे दोन पाईप बदलायचेत. फ्लेअर मी मारतो, तुम्ही स्टुलावर बसून "नाही" म्हणायला या.

तुमचा,
अकरा तुकडे वाया घालवलेला शागीर्द