परसदारच्या नव्या दाराविषयी, आई-बाबांस

बेळगाव, ८ मार्च

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा ज्यानं गप्प होतील तेच आधी लिहिते. परसदारची चौकट काढायचं मी ठरवलं आहे आणि कारागिराला आगाऊ रक्कमही देऊन बसले आहे. तुम्हाला विचारायला हवं होतं, हे कळतं मला. पण विचारलं असतं तर 'पुढच्या साली बघू' म्हणत आणखी एक पावसाळा गेला असता. गेल्या श्रावणात बाबा त्या दाराला खांदा लावून रेटत होते आणि नंतर किती वेळ धापत बसले, ते आई, तूच सांगितलंस.

सागवानाचा काही दोष नाही, बाबा. तुम्ही निवडून आणलेलं लाकूड आजही मधून खणखणीत वाजतं. पण आपला पाऊस पश्चिमेकडून तिरका येतो आणि थेट दाराच्या पायाशी बसतो. लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते कापलेल्या टोकातून, म्हणजे चौकटीच्या पायातून आणि पल्ल्याच्या (दाराच्या झडपेच्या) खालच्या कडेतून. झड लागली की पल्ला फुगतो, तुम्ही रंधा मारता. मग चैत्रात तेच लाकूड आकसतं आणि फटीतून बोट जातं. दरवर्षी रंधा, दरवर्षी मोठी फट. चौकटीचा डावा पाय तर आता नखानं दाबला तरी भुसा पडतो. चिऱ्याच्या सांध्यातून वाळवी वर चढली आहे. आणि त्या कोपऱ्यातली काळी बुरशी बाबांच्या दम्याला बरी नव्हे. हे कारण एकटंच मला पुरेसं होतं.

नवं दार पांढऱ्या यूपीव्हीसीचं, म्हणजे एका कडक प्लास्टिकचं, घेते आहे. 'प्लास्टिकचं दार' म्हणून नाक मुरडू नका. आत दीड मिलिमीटर जाडीची जस्त चढवलेली लोखंडी पट्टी असते, ताकद तिची. ही पट्टी न घालता स्वस्तात देणारे आहेत, म्हणून कापलेला तुकडा डोळ्यांनी बघूनच मी होकार दिला. पाण्यानं हे फुगत नाही, वाळवी लागत नाही, रंधा लागत नाही. उन्हानं मात्र वाढतं: दोन मीटरचा तुकडा वीस अंशांच्या फरकात साधारण तीन मिलिमीटर. गडद रंग जास्त तापतो, म्हणून पांढरा. लाकडी रंगाचा मुलामा बाबांना आवडला असता हे माहीत आहे, पण पश्चिमेच्या उन्हात तो नको. अ‍ॅल्युमिनियमही चाललं असतं, पण दुपारी हात लावायची सोय राहिली नसती.

आत्याकडे आहे तसं सरकतं दार का नाही, हे आई विचारणारच. सरकत्या दारात पल्ला रुळावर मोकळा फिरावा लागतो, म्हणून कडेला केसाळ पट्टी लावतात. ती धूळ अडवते, वाऱ्यासोबत आलेलं पाणी अडवत नाही. शिवाय दोन रुळांच्या दारात अर्धीच जागा उघडते. आपल्याकडे मे महिन्यात घाम अंगावर वाळत नाही, त्याला वाराच लागतो. समोरच्या दारातून येणारा वारा परसात पूर्ण निघून जायला हवा. म्हणून बाहेर उघडणारे दोन पल्ले, अडीच-अडीच फुटांचे, चारी बाजूंनी रबराची पट्टी असलेले. वारा जितका जोरानं ढकलेल तितका पल्ला रबरावर घट्ट बसतो. आतून डासांच्या जाळीचे दोन पल्ले, जाळी स्टीलची. नायलॉनची आपली मांजर आठवड्यात फाडेल.

खालचा अडीच फूट भाग भरीव, वर ६ मिलिमीटरची टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली काच. ही फुटलीच तर बोथट खड्यांसारखे तुकडे होतात. एकदा टफन्ड झाली की ती कापता येत नाही, त्यामुळे चुकीचं माप म्हणजे नवी काच. म्हणून भिंतीचं काम पुरं झाल्याशिवाय मी मापच देणार नाही.

आणि खरं काम भिंतीचंच आहे. आपली भिंत दीड फुटाची, मातीत बांधलेल्या चिऱ्याची. साडेतीन फुटांचं दार पाच फुटांचं करायचं तर वर लिंटल, म्हणजे भिंतीचा भार पेलणारी काँक्रीटची आडवी तुळई हवी, तेही दोन्हीकडे नऊ-नऊ इंच भिंतीवर टेकणारं, म्हणजे साडेसहा फूट लांब. ते तिथंच ओतायचं तर भिंत कितीतरी दिवस टेकूवर उभी राहील, तुम्ही दोघं घरात असताना ते मला नकोच. म्हणून नऊ-नऊ इंच रुंदीचे दोन तुकडे जमिनीवर ओतून घेतले आहेत, एकवीस दिवस पाणी मारून मग येतील. आधी भिंतीची बाहेरची अर्धी जाडी कोरून एक तुकडा बसवायचा, वरची पोकळी जेमतेम ओलसर सिमेंट-वाळूनं ठासायची, आणि तो धरल्यावरच आतली अर्धी जाडी कोरायची. बाबा, एवढं एकच तुम्ही उभं राहून बघा: तुकड्याच्या वरच्या बाजूला मी लाल रंगानं 'वर' लिहून घेतलं आहे, सळ्या खाली आहेत. उलटा बसला तर काही दिवसांत मधोमध चीर जाते. दोन्ही कडांना चार इंचांची काँक्रीटची पट्टीही ओतायची, कारण मातीच्या सांध्यात बोल्ट धरत नाहीत.

आता उंबरठा. आई, तुझ्या गुडघ्याला तो चार इंचांचा उंबरठा दिवसातून वीस वेळा ओलांडावा लागतो. नव्या चौकटीचा जेमतेम पाऊण इंच वर राहील. समोरचा उंबरठा आहे तसाच आहे, त्याला कोणी हात लावत नाही; रांगोळी, हळदकुंकू सगळं तिथं चालू राहू दे. पण पाणी अडवणारा उंबरठा काढायचा तर मागचा ओटा आतल्या फरशीपेक्षा दोन इंच खाली घ्यावा लागेल, पाच फुटांत पाऊण इंच उतार देऊन. वरचा दीड फुटी पत्रा तीन फूट करायचा. हे दोन्ही केलं नाही तर कितीही भारी दार बसवा, पाणी आत येणारच.

दाराला कुलपाची कडी एकच, पण ती वर उचलली की तीन ठिकाणी अडकते. दांडा लांब घेतला आहे, मनगटाला जोर पडणार नाही. आतून किल्ली नाही, फिरवायचं बटण आहे. रात्री दिवे गेले तर किल्ली शोधत बसायला नको.

जुन्या चौकटीचा उजवा खांब चांगला आहे. त्याच्यावरच्या रेघा, दादाची सगळ्यात वरची, माझी खालची, आणि आईनं कोळशानं घातलेली तारीख, यातलं काही पुसायचं नाही असं सुताराला बजावलं आहे. तो खांब माजघरात भिंतीला उभा लावायचा. पल्ल्यांचं तुमच्यासाठी बाकडं होईल, बाबा, पितळी कडीसकट.

बसवताना मी असेनच, तरी लिहून ठेवते. चौकट आणि भिंत यांत चारी बाजूंनी ५ मिलिमीटर फट मुद्दाम आहे, गवंड्याला ती सिमेंटनं भरू देऊ नका. तिथं आधी फोमची दोरी, वर सिलिकॉन. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर थांबवा, ते काचेचं असतं, सिमेंटला धरत नाही. चौकटीच्या तळाला बाहेरून छोटी भोकं दिसतील. ती पाणी जाण्यासाठीच आहेत. रंगारी ती हमखास बुजवतो. महिन्यातून एकदा झाडूची काडी घाला. चौकटीवरची निळी पट्टी त्याच दिवशी सोला, उन्हात भाजली की निघत नाही. बिजागरीत खोबरेल तेल घालायचं नाही, बाबा, धूळ धरते. फरशीचं अ‍ॅसिड दाराजवळ आणायचं नाही. तोरणासाठी भिंतीत हुक देते, चौकटीला खिळा नको.

पैशांचं काढू नका. मुलीनं का द्यावेत, असं मनातही आणू नका. ती रेघ माझीही आहे.

पाडव्यानंतर तोडफोड, वळवाआधी ओटा, मृगाआधी दार. दार लागलं की खालून वर असं पंधरा मिनिटं नळीनं पाणी मारून बघू, तोवर कारागिराची उरलेली रक्कम द्यायची नाही. पहिलं माप घ्यायला मी शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. आणि आई, तोडफोडीच्या आठवड्यात परसात मिरच्या वाळत घालू नकोस, चिऱ्याची लाल धूळ दोन दिवस खाली बसत नाही.

तुमची,
धाकटी