सोनूस, काफ्काच्या खटल्यावरून

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काफ्काच्या ‘द ट्रायल’ या कादंबरीवरून तुमच्या होस्टेलमध्ये दोन तट पडल्याचं तू फोनवर सांगितलंस. एकीला त्यापुढे दुसरं पुस्तकच दिसत नाही, दुसरीनं सुरुवातीलाच कंटाळून मिटून ठेवलं, आणि तू वकिलाच्या प्रकरणात अडकलीस. “आई, मला कळत नाही की पुस्तकच वाईट आहे?” असं विचारलंस. फोनवर बोलायला लागलं की तुझे बाबा बातम्यांचा आवाज वाढवतात, म्हणून लिहिते.

दिवाळीत तू विसरून गेलेली प्रत इथे बरीच फिरली. कोपऱ्यावरचे इंग्रजीचे सर संध्याकाळी आपल्या ओट्यावर बसून एकेक प्रकरण मराठीत सांगायचे आणि मधे मधे वाचूनही दाखवायचे. ऐकायला मी, यंत्रमागवाले अण्णा, समोरच्या मावशी आणि कधीमधी आमचे वकीलसाहेब. तुमच्याकडे दोन तट पडले, आमच्याकडे माणसागणिक एक.

मावशी दुसऱ्या दिवसापासून यायच्या बंद झाल्या. गोष्टीतला नायक के. तिसाव्या वाढदिवसाला सकाळी उठतो तर दारात पोलीस, गुन्हा काय ते कोणी सांगत नाही, वर ते त्याचाच नाश्ता खाऊन टाकतात. दिवेलागणीला असलं काही ऐकू नये म्हणाल्या. त्यांचं मला पटत नाही, पण त्यांनी कळल्याचा आव तरी आणला नाही. सरांचं उलटं. त्यांच्या मते पुढे येणारी सगळी हुकूमशाही काफ्कानं आधीच पाहिली होती. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की त्याचा कंटाळा आला. काफ्का 1924 साली क्षयानं गेला. त्याच्या तिन्ही बहिणी पुढे नाझींच्या हातून मेल्या, हे खरं आहे आणि भयंकर आहे. पण त्यानं 1914 साली जे लिहिलं त्याला भविष्य म्हटलं, की त्याच्या डोळ्यांसमोर जे होतं ते बघायचंच राहतं.

समोर होतं ते कामगार विम्याचं ऑफिस. प्रागला अपघात झालेल्या कामगारांच्या विम्याच्या कचेरीत तो नोकरीला होता. लाकूड रंधायच्या यंत्रातली चौकोनी दांडी बोटं खाते, तिथे गोल बसवा, असा आकृत्यांसकट अहवाल त्यानं लिहिला आहे. सरांनी हे सांगितलं तसे अण्णा सरसावून बसले. ज्याच्या घरात तीन पिढ्या चादरी विणतात, त्याला यंत्रात गेलेलं बोट म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. काफ्का आपल्या मित्राला म्हणाला होता म्हणे, की ही माणसं किती गरीब स्वभावाची, ऑफिस फोडायचं सोडून अर्ज घेऊन विनवण्या करायला येतात. अण्णांनी एवढंच विचारलं, “मग त्याने पैसे मिळवून दिले का?”

पण अण्णांना खरी आवडली ती दुसरीच जागा. पोटमाळ्यावरचं कोर्ट आठवतं ना? वाळत घातलेले कपडे, कोंदट हवा, तिथे के.ला भोवळ येते आणि दोघं जण त्याला धरून दारापर्यंत आणतात. दार उघडल्यावर जिन्यातल्या मोकळ्या हवेनं तो सावरतो आणि त्या दोघांनाच गरगरायला लागतं! यावर अण्णा इतके हसले की चहा सांडला. त्यांचे वडील पत्र्याच्या शेडमध्ये धोट्याच्या खडखडाटात जन्म काढून लेकीच्या गावी राहायला गेले, तर तिथल्या शांततेनं त्यांना झोप लागेना, आठ दिवसांत परत आले. अण्णांच्या लेखी हे विनोदी पुस्तक आहे, आणि ते एकटे नाहीत. काफ्कानं पहिलं प्रकरण मित्रांना वाचून दाखवलं तेव्हा सगळे हसत होते, त्याला स्वतःलाच हसू आवरेना, असं त्याच्या मित्रानं, माक्स ब्रोडनं, लिहून ठेवलं आहे. काळोख काळोख म्हणणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

वकीलसाहेब मात्र चिडले. अटकेचं कारण कळवायलाच लागतं, घटनेचं कलम 22 आहे, लेखकाला कायद्याचा गंध नाही. काफ्का 1906 साली कायद्यात डॉक्टरेट झाला होता, हे सरांनी सांगितल्यावर ते गप्प झाले, पण खूश झाले नाहीत.

आता माझं. इतकी वर्षं वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते. वकालतनामे, प्रतिज्ञापत्रं, पुरशिशी, तहकुबीचे अर्ज. त्यामुळे लोक ज्याला स्वप्नासारखं, विचित्र म्हणतात ते मला फार विचित्र वाटलंच नाही. तो चित्रकार के.ला सांगतो बघ, खरी निर्दोष सुटका कोणाची झालेली मी पाहिली नाही, दिखाऊ सुटका मिळेल, नाहीतर खटला खालच्या पायरीवरच कायम रेंगाळत ठेवता येईल. यातलं तिसरं मी रोज टाइप करते. आणि तू जिथे सोडलंस ते वकिलाचं प्रकरण कंटाळवाणं आहे, यात तुझी काही चूक नाही. वकील बोलत राहतो, अर्जाचा मसुदा अजून तयारच होतोय, वरच्या लोकांशी ओळखी आहेत, तो बोलतच राहतो. अशिलाला ऑफिसात बसून जे वाटतं तेच वाचणाऱ्याला वाटायला लावलंय. शिवाय पुस्तक त्यानं पुरं केलेलंच नाही. पहिलं आणि शेवटचं प्रकरण आधी लिहून काढलं, मधली सुटी ठेवली. ती जुळवून ब्रोडनं 1925 साली छापलं. मधे रेंगाळल्यासारखं वाटतं त्याला हेही एक कारण असणार.

तरी मी सरांच्या बाजूची नाही. यातल्या बायका मला अजिबात पटल्या नाहीत. धुणं धुणारी असो, वकिलाकडची ती लेनी असो, जी ती के.च्या गळ्यात पडायलाच बसलेली. शेजारच्या खोलीतल्या ब्युर्स्टनरबाईंना तर तो रात्री धरून मुके घेतो, आणि त्या बिचारीचं पुढे काय झालं याची कोणाला पडलेली नाही. सर म्हणाले, ते सगळं के.च्या नजरेतून आहे. असेल. मला मात्र ती पानं वाचताना राग आला, आणि मोठ्या लेखकाचं पुस्तक आहे म्हणून राग गिळायचा असं काही नसतं. होस्टेलात तुझ्या त्या मैत्रिणीलाही हे सांग.

एक कर. पुस्तक पुरं नको वाचूस, पण सोडण्याआधी व्यापारी ब्लॉकचं प्रकरण वाच. त्याचा खटला पाच वर्षांहून जास्त चाललाय, मोठ्या वकिलाच्या नकळत त्यानं आणखी पाच छोटे वकील धरलेत, आणि बोलावणं येईल तेव्हा हजर असावं म्हणून तो वकिलाच्याच घरात मोलकरणीच्या खोलीत झोपतो. असा एक म्हातारा आमच्याकडे यायचा. बांधाचा वाद. पिशवीत सगळ्या नकला प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आणि साहेब जेवायला गेले तरी बाकावरून उठायचा नाही, कारण तेवढ्यात पुकारा झाला तर? मी डबा पुढे केला तरी घ्यायचा नाही. ब्लॉकला वकिलाच्या पलंगाशी गुडघे टेकायला लावतात तिथे मी सरांना थांबायला सांगितलं आणि आत जाऊन कुकर लावला. के.ला मात्र त्या ब्लॉकची किळस येते, आपण त्याच्यातले नाही असंच त्याला वाटतं. सगळ्या पुस्तकात मला याचीच जास्त भीती वाटली, शेवटी के.ला मारतात त्या सुरीपेक्षाही.

तुझी प्रत सध्या मागू नकोस. वकीलसाहेबांनी ती दुसऱ्यांदा वाचायला नेली आहे आणि पेन्सिलीनं समासात पानोपानी हरकती नोंदवल्या आहेत. तुला घाई असेल तर तिकडे लायब्ररीत बघ. अण्णांचा धाकटा शनिवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवते. होस्टेलवर सगळ्यांना वाटू नकोस, दोन डबे तुझ्यापुरते ठेव.

तुझी,
आई