लॅरी होम्सचं नाव कुठे गेलं?

मा. संपादक,

रविवारच्या क्रीडा पुरवणीत हेवीवेट बॉक्सरांची सार्वकालिक दहांची यादी वाचली. मार्सियानो तिसरा, टायसन पाचवा आणि लॅरी होम्सचा पत्ताच नाही! हौशी स्पर्धांत वर्षानुवर्षं रेफरी म्हणून रिंगणात उभा राहिलो आहे, त्यामुळे गप्प बसवेना.

होम्स म्हणजे डाव्या हाताचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. आपली पोरं जॅब मारतात तो अंदाज घ्यायला. होम्सचा खांद्यातून यायचा आणि समोरच्याची मानच मागे फेकायचा. जून १९७८ मध्ये जगज्जेतेपदाच्या पट्ट्यासाठी केन नॉर्टनविरुद्ध उतरला तेव्हा हाच हात दुखावलेला होता. तरी पंधरा फेऱ्या त्याच्याच जोरावर लढला. तिन्ही परीक्षकांचे गुण १४३-१४२. दोघांचे होम्सकडे, एकाचा नॉर्टनकडे. शेवटची फेरी हातची गेली असती तर पट्टाही गेला असता. पुढे सलग वीसदा त्याने विजेतेपद राखलं. त्याच्यापुढे एकटा जो लुई, पंचवीसदा.

त्याच्यात खोट होती. जॅब मारून हात परत घेताना तो खाली रेंगाळायचा आणि वरून समोरच्याचा उजवा यायचा. १९७९ साली अर्नी शेव्हर्सने आणि १९८१ साली रेनाल्डो स्नाइप्सने असंच लोळवलं, दोन्ही वेळा सातव्या फेरीत. दोन्ही वेळा उठला आणि अकराव्या फेरीत लढत संपवली. शेव्हर्सचा तसा ठोसा खाऊन किती जण उठले असते?

त्याचं नशीब आडवं आलं ते मुहम्मद अलीपायी. जानेवारी १९८० मध्ये अली दिल्लीत कौर सिंगशी प्रदर्शनी लढत खेळून गेला, तेव्हा आपल्याकडेही लोक वेडे झाले होते. ऑक्टोबरात लास वेगासला त्याच्यासमोर होम्स होता, त्याचाच जुना सरावातला जोडीदार. तिन्ही परीक्षकांनी दहाही फेऱ्या होम्सला दिल्या. लढत थांबवा म्हणून होम्सच रेफरीला खुणावत होता. शेवटी दहाव्या फेरीनंतर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने अलीला उठू दिलं नाही. जिंकूनही होम्स रडला. लोकांनी मात्र लाडक्याला मारलं, एवढंच लक्षात ठेवलं.

मार्सियानो ४९ लढतींत अपराजित, हे खरं. पण त्याने १९५१ साली हरवलेला जो लुई ३७ वर्षांचा होता आणि पुढच्या वर्षी ज्याच्याकडून पट्टा घेतला तो वॉलकॉट ३८ चा. होम्स ४८ विजयांवर असताना सप्टेंबर १९८५ मध्ये मायकेल स्पिंक्सकडून हरला आणि वर पत्रकारांसमोर मार्सियानोबद्दल नको ते बोलून उरलीसुरली सहानुभूती घालवून बसला. तोंडाचा फटकळ होताच. पण क्रमवारी तोंडाची लावायची की हातांची? टायसनने १९८८ साली त्याला चौथ्या फेरीत संपवलं तेव्हा तो ३८ चा होता आणि जवळपास दोन वर्षं रिंगणाबाहेर. त्याच होम्सने १९९२ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, सोल ऑलिंपिकचा सुवर्णविजेता रे मर्सर हरवला.

तिसरी जागा मात्र मीही देणार नाही. टिम विदरस्पूनने १९८३ साली त्याला जेरीस आणलं, पण होम्सने त्याला परतीची लढत दिली नाही. ग्रेग पेजशी तर पैशांवरून बिनसलं आणि डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा पट्टाच सोडून दिला. अलीने फ्रेझिअरला, नॉर्टनला पुन्हापुन्हा तोंड दिलं होतं. म्हणून अली, लुई, फोरमन, मग होम्स. मार्सियानो त्याच्या खाली आणि टायसन आणखी खाली.

– एक जुना बॉक्सिंग रेफरी, खडकी, पुणे