सनद मिळाली, पुढची तीन वर्षे खायचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व्हायचे तर आधी किमान तीन वर्षे वकिली केलेली हवी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिला. २००२ मध्ये काढलेली अट परत आली. जळगाव जिल्ह्यातल्या तालुका न्यायालयांत माझी सगळी नोकरी गेली. खुर्चीवर बसण्याआधी माणसाने वकिलाच्या बाजूने कोर्ट पाहिलेले असावे, हे मला मनापासून पटते. पण ती तीन वर्षे काढायची कुणाच्या जिवावर?

तालुक्याच्या कोर्टात ज्युनिअरचा दिवस कसा जातो ते सांगतो. सकाळी सीनिअरच्या ऑफिसात फायली काढायच्या, कोर्टात येऊन बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) बघायचा, सीनिअर एका कोर्टात अडकले तर दुसऱ्यात मुदतीचा अर्ज द्यायचा. मग नकलेचा अर्ज, वकीलपत्राला तिकीट, अशिलाला पुढची तारीख समजावणे. शिकायची रीत हीच, आणि ती चांगली आहे; उलटतपास पुस्तक वाचून येत नाही. महिनाअखेर हातात मात्र पेट्रोलपुरते पैसे, तेही दिले तर. यात सीनिअरला दोष देण्यात अर्थ नाही. बांधाच्या भांडणाचा दावा लावणारा अशील फी देतो ती कापूस विकल्यावर, आणि भाव पडला तर पुढच्या हंगामात. त्यातून मुन्शी, टायपिंग, ऑफिसचे भाडे भागवून तो ज्युनिअरला किती देणार?

ज्याचे वडील किंवा काका वकील, त्याला ऑफिस आणि अशील दोन्ही तयार मिळतात. बाकीच्यांचे बाप गावात अहिराणीत सांगतात, ‘मना पोऱ्या वकील व्हयना,’ आणि हळूच पुढे, ‘पन पैसा घरथीनच लागस.’ अशी मुले वर्षभरात कोर्ट सोडून पतसंस्थेत वसुलीला नाहीतर पुण्याला एखाद्या कंपनीत जातात.

सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, फी आता पूर्वीसारखी भारी नाही, हे मान्य. कायद्यात ठरलेल्या ७५० रुपयांपेक्षा (अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५) जास्त घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी सांगितले. बार परीक्षेचे शुल्क वेगळे. पण हा सगळा एकदाचा खर्च. रोजची खानावळ आणि खोलीभाडे या निकालाने सुटत नाही.

वकिलांची देशपातळीवरची नियामक संस्था असलेल्या भारतीय बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये दरमहा द्यावेत, असे परिपत्रक काढले. ती नुसती शिफारस आहे, आणि पैसे सीनिअरच्या खिशातून जायचे आहेत. आमच्याकडच्या बाररूममध्ये ते वाचून किती जणांना हसू आले असेल!

सरकार या मुलांवर खर्च करतच नाही, असेही नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून शिष्यवृत्ती आणि शुल्क सवलत मिळते, पण ती शिकत असेपर्यंतच. न्यायाधीश पदाच्या परीक्षेच्या शिकवणीसाठी सारथीसारख्या सरकारी संस्थांनी योजना राबवल्या. म्हणजे पदवीला पैसा आहे, परीक्षेला पैसा आहे. मधल्या तीन वर्षांना, ज्यांच्याशिवाय आता परीक्षेला बसताच येणार नाही, काहीच नाही.

शिकाऊ उमेदवार कायदा आणि अधिवक्ता कायदा, दोन्ही १९६१ चे. पहिल्यामुळे आयटीआयच्या फिटरला विद्यावेतन मिळते आणि त्यातला २५ टक्के वाटा, दरमहा १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. दुसऱ्यात सनदेआधीच्या प्रशिक्षणाचे कलम होते, ते १९७३ च्या दुरुस्तीत गेले. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, पदवीधराला महिना १० हजार. पण ती कारखाने, कंपन्या आणि सरकारी कार्यालये डोळ्यांसमोर ठेवून आखलेली. एक मुन्शी आणि दोन कपाटे असलेले वकिलाचे ऑफिस तिच्यात कुठे बसणार?

आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये नव्या वकिलांना पहिली तीन वर्षे दरमहा ५००० रुपये द्यायला सुरुवात केली होती. केरळातही कमी उत्पन्नाच्या तरुण वकिलांसाठी दरमहा ५००० रुपयांपर्यंत तरतूद झाली. महाराष्ट्राला हे न जमण्यासारखे नाही. खोटे ज्युनिअर दाखवून पैसे लाटतील, ही शंका येईलच. पण तीन वर्षांच्या वकिलीचा दाखला दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाने द्यायचा आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची सही घ्यायची, हे मे २०२५ च्या त्याच निकालात आहे. तीच पडताळणी दर सहा महिन्यांनी करून विद्यावेतन जोडावे. त्यासाठी नवा सरकारी विभाग काढायची गरज नाही.

सुरुवात नंदुरबारपासून व्हावी. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आलेल्या माणसाला वनहक्काचे किंवा जामिनाचे म्हणणे पावरी-भिलीत सांगायचे असते आणि कोर्ट चालते मराठीत. ती बोली येणारा वकील तिथलाच पोरगा असणार, आणि नेमक्या त्याच्याच घरून तीन वर्षे पैसे येणार नाहीत. आदिवासी विकास विभागाने निदान या जिल्ह्यासाठी तरतूद करावी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात हा प्रश्न लावावा, आणि ‘तपासून पाहू’ असे उत्तर आले तर तपासायची तारीखही मागून घ्यावी.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, अमळनेर