डायलिसिस केंद्रांत समुपदेशक नेमा

संपादक महोदय,

माझ्या यजमानांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास त्यांना मशीनवर घेतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे पैशाचा घोर बराचसा मिटला. पण या आजारात रोग्याचं मन आणि आजूबाजूची माणसं यांच्याकडे लक्ष द्यायला आमच्या केंद्रात कोणी नाही, त्याबद्दल लिहिते आहे.

ह्यांना लघवी जवळजवळ होत नाही. प्यायलेलं पाणी पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच राहतं. आधी पाय सुजतात, मग छातीत पाणी होऊन दम लागतो. म्हणून दिवसाला एक लिटर ठरवून दिलंय, त्यातच चहा, आमटी, ताक सगळं आलं. सकाळी मी बाटली मोजून भरते. मे महिन्यात, ठाण्याच्या त्या घामट उकाड्यात, जिभेवर बर्फाचा खडा धरून संध्याकाळपर्यंत बाटली पुरवणं किती अवघड असतं ते मी रोज बघते. अशात पाहुणे येतात ते शहाळं घेऊन. आजाऱ्याला शहाळं न्यायची आपली रीतच आहे. पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि ते रक्तात वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. हे सांगितलं की ऐकावं लागतं, ‘घोटभराने काय होतंय वहिनी, उगाच धाक दाखवता त्यांना.’ पाहुणे गेल्यावर ह्यांचा राग माझ्यावर निघतो.

हे वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. डायलिसिसच्या सुया टोचायला हाताची शीर धमनीला जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्या हातावर साधं बीपीसुद्धा घेत नाहीत. काम सुटलं. माझ्या शिलाईवर घर चालतं, हे त्यांना आजारापेक्षा जास्त लागतं. फुगलेल्या शिरा दिसू नयेत म्हणून भर उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. पाडव्याला कौपीनेश्वराच्या स्वागतयात्रेत हौसेने लेझीम खेळणारा माणूस आता खिडकीतही उभा राहत नाही. म्हणतात, ‘लोक आधी हाताकडे बघतात, मग तोंडाकडे.’

मध्यंतरी ते डायलिसिस चुकवू लागले. जेवण तुटलं, झोप उडाली, बोलणं बंद झालं. केंद्रात सांगितलं तर उत्तर मिळालं, ‘किडनीच्या पेशंटला असं होतंच.’ होतं, हे खरं आहे. थकवा, भूक मरणं, झोप न लागणं ही या आजाराची लक्षणं आहेत, तशीच ती नैराश्याचीही आहेत. म्हणूनच नैराश्य लक्षात येत नाही. आणि मनाने खचलेला रोगी मशीन चुकवतो, पथ्य मोडतो, त्यात जीवही जाऊ शकतो. मूत्रपिंडाचं काम कळायला क्रिएटिनिनची रक्ततपासणी असते, तशी नैराश्याची नसते. कोणीतरी शेजारी बसून विचारावं लागतं.

मानसोपचाराचं नाव काढलं तर दीरच म्हणाले, ‘दादा काय वेडा झालाय?’ आमच्या शहरात 1901 पासून मनोरुग्णालय आहे आणि ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा गावोगाव चालते. त्या थट्टेपायी ठाण्यातलाच माणूस मदत मागायला कचरतो, याचं मला फार वाईट वाटतं. शेवटी सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेच्या 14416 या क्रमांकावर मी फोन लावला. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आधी मीच बोलले, हे नुसतं ऐकत होते. मग फोन मागून घेतला.

केंद्राबाहेरच्या बाकावर बसणाऱ्या आम्हा बायकांचं तर कोणी विचारतच नाही. कोणाचे दागिने गेलेत, कोणाच्या मुलीचं स्थळ फिरलंय. एकीला सासरचे रोज सुनावतात, ‘तू किडनी का देत नाहीस?’ जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत आपल्या देशात बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. द्यायची की नाही हे त्या बाईला एकटीला, दडपणाशिवाय कोणाशी तरी बोलता आलं पाहिजे.

अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात 2011 साली दुरुस्ती झाली आणि प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयाला समन्वयक, म्हणजे प्रत्यारोपणाची सगळी जुळवाजुळव बघणारा माणूस, नेमणं सक्तीचं झालं. प्रत्यारोपण थोड्यांच्याच वाट्याला येतं. बाकीचे वर्षानुवर्षं मशीनवर असतात, त्यांच्यासाठी आमच्या केंद्रात टेक्निशियन आहे, सिस्टर आहे, पथ्याचा छापील कागद आहे, पण बोलायला माणूस नाही.

महापालिका आणि आरोग्य विभागाला माझी विनंती आहे, शासकीय योजनेतून चालणाऱ्या प्रत्येक डायलिसिस केंद्रात आठवड्यातून निदान एक दिवस समुपदेशक किंवा वैद्यकीय समाजसेवक पाठवा. वेगळी खोली नको. रोगी चार तास छताकडे बघत पडलेला असतो, त्याच्याजवळ स्टूल टाकून बसलं तरी चालेल. नवीन रोग्याशी पहिल्याच महिन्यात बोलावं, आणि कोणी डायलिसिस चुकवली तर त्याच दिवशी घरी फोन जावा. बाकावरच्या बायकांसाठीही अर्धा तास ठेवावा.

– एका डायलिसिस रुग्णाची पत्नी, खारीगाव, कळवा (ठाणे)